दहाच्या जागी बारा

मी एक जुनी दातेरी चकती आहे, मित्रांनो. लोखंडाची, तळहातात लपेल एवढी, कडेला बारा दाते असलेली. कारखान्यात मला स्प्रॉकेट म्हणतात. छोट्या मोटरसायकलच्या इंजिनाशेजारी मी बसते आणि माझ्यावरून चेन मागच्या चाकाकडे जाते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मी स्वभावाने फार संशयी आहे. माझे बालपण एका पत्र्याच्या डब्यात गेले, त्यालाच मी याचा दोष देते. झाकण उघडे, दोन बोटे आत येत, आमच्यातली एखादी उचलली जाई, आणि ती कुठे गेली हे मागे राहिलेल्यांना कोणी सांगत नसे. अशा ठिकाणी वाढल्यावर मनात शंकेची पाल चुकचुकणारच.

मला घडवले ते एका म्हाताऱ्या टर्नरने. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे लेथ मशीन होते. खोलीला एक खिडकी, मशीनवर झुकलेला एक दिवा आणि जमिनीवर लोखंडाच्या कुरळ्या साली. एकाच सळईतून त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला कापून काढले. तिला दहा दाते, मला बारा. आमच्यावर त्यांनी आकडा मात्र ठोकला नाही.

"आकडा कशाला?" ते म्हणत. "माझ्या बोटांना कळतं."

त्या काळी ते खरे होते.

मिस्त्रींचा मुलगा दूरच्या बंदरावर नोकरीला होता. घरात मिस्त्री आणि त्यांची सून अशी दोघेच राहत. मिस्त्रींची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे दिलेली होती आणि दुपारी एक चक्कर टाकून जायची. सून पाण्याच्या टाकीवर कामाला होती. टाकी टेकडीवर. रोज सकाळी साडेसहाला व्हॉल्व्ह उघडून खालच्या वस्तीला पाणी सोडायचे, हे तिचे काम. पण एकदा जिन्यावरून घसरून तिच्या गुडघ्याची वाटी सरकली, आणि तेव्हापासून तो चढ तिला जड जाऊ लागला.

म्हणून तिने गाडी बांधायला घेतली. पाण्याच्या जुन्या पाइपांचा सांगाडा तिने स्वतः वेल्डिंग करून जोडला. मोडीत निघालेल्या फवारणी पंपाचे इंजिन त्यावर बसवले. चाके ताटाएवढी. उभी केली तर गाडी जेमतेम तिच्या मांडीपर्यंत येई.

"वहिनी, हिच्यावर तू बसणार की हिला कडेवर घेणार?" नणंद हसून म्हणाली.

"आधी मी बसते," सून म्हणाली. "नाहीच चढली तर कडेवर घेते."

मागच्या चाकाला साठ दात्यांची मोठी चकती लागली. आता पुढे कोणती लावायची, एवढेच ठरायचे होते. मिस्त्रींनी खडू घेऊन जमिनीवर दोन वर्तुळे काढली, एक मोठे, एक लहान. मी डब्यातून ऐकत होते.

"चढ केवढा आहे?" त्यांनी विचारले.

"टाकीजवळ तर भिंत चढल्यासारखं वाटतं, बाबा."

"मग पुढे दहा. इंजिन सहा वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. पळणार नाही, पण ओढेल."

"आणि बारा लावले तर?"

"तर पाच फेऱ्यांत चाकाची एक. सपाटीवर सुसाट जाशील, चढावर धापा टाकशील. शिवाय तुझा हा क्लच वेग आल्यावर आपोआप पकड घेणारा. इंजिन दमलं की पकड सुटते, मग तो नुसता घासत राहतो आणि जळतो."

"मग दहाच लावा. मला पळायचं नाहीये, पोचायचंय."

असे स्पष्ट ठरले होते, मित्रांनो. मी साक्षीला होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून भाजी आणायला बाहेर पडली आणि मिस्त्री एकटेच खोलीत आले. त्यांनी दाराकडे पाहिले. डबा उचलला. पुन्हा दाराकडे पाहिले. मग एकेकीला उचलून त्यांनी अगदी नाकाशी नेले, इतके जवळ की त्यांचा श्वास माझ्या दात्यांना लागला. माझ्या बहिणीला त्यांनी परत डब्यात टाकले, मला गाडीवर चढवले, घाईघाईने माझ्यावर पत्र्याचे झाकण बसवले आणि स्क्रू आवळले.

मी हादरले. ठरले होते दहा, आणि लावली मला! तेही चोरासारखे मागे वळून बघत! मला एक जुने बोलणे आठवले. मुलीने एकदा विचारले होते, "बाबा, असल्या गुडघ्यानं वहिनीने टाकीवर जावं, हे पटतं का तुम्हाला?" आणि मिस्त्री म्हणाले होते, "नाही पटत." झाले, मी निकाल लावून टाकला. सुनेची नोकरी सुटावी म्हणून म्हाताऱ्याने हा डाव टाकला आहे, अशी माझी खात्री पटली.

पहिल्या सकाळी सपाट रस्त्यावर आम्ही वाऱ्यासारख्या निघालो. सून खूश झाली, पण थोडी चकितही झाली. "ही तर फारच पळते!" ती पुटपुटली. मग चढ लागला. पहिल्या वळणावर इंजिन कण्हू लागले, दुसऱ्या वळणावर क्लचमधून जळका वास आला आणि तिसऱ्या वळणाआधी चाक थांबले. सुनेला उतरून गाडी ढकलत न्यावी लागली. पाणी उशिरा सुटले.

तीनदा असे झाल्यावर टाकीच्या साहेबांचा फोन आला. "बाई, खालच्या दवाखान्यात आज सकाळी नळाला थेंब नव्हता. आठवड्यात तिसरी वेळ. आता परत उशीर झाला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

सुनेने सासऱ्यांना विचारले, "बाबा, दहाच लावलंय ना?"

"मग काय, खोटं बोलतोय मी?" मिस्त्री एकदम चिडले. ते एरवी चिडत नसत.

सुनेच्या मनात शंका शिरली. त्यात नणंदेने भर घातली. "वहिनी, तुला म्हणून सांगते. बाबांना तुझं टाकीवर जाणं मनापासून आवडत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय बघ."

झाकणाचे चार स्क्रू काढायचे आणि माझे दाते मोजायचे. पाच मिनिटांचे काम होते. पण सासऱ्यांचे काम सुनेने उघडून तपासायचे म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटे पाडायचे. तिच्याने ते होईना. तिने दुसरेच केले. लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि एका स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा थेंब स्क्रूवर व अर्धा पत्र्यावर येईल असा ठिपका दिला. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटणार.

तिकडे मिस्त्रींच्या मनातही वेगळेच शिजत होते. आपण दहा दात्यांची चकती लावली, तरी गाडी सपाटीवर पळते आणि चढावर बसते. म्हणजे नक्की सुनेनेच गुपचूप बारा दात्यांची लावली. तिला वेगाची हौस आहे! हे ते मशीन पुसता पुसता स्वतःशीच बोलले, म्हणून मला कळले. सून बाहेर गेल्याचे बघून त्यांनी झाकण काढले. मला नाकाशी धरले. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग सुस्कारा टाकून त्यांनी मला पुन्हा जागच्या जागी बसवले.

आता तर मी पुरती गोंधळले. डाव टाकणारा माणूस आपलाच डाव तपासायला कशाला येईल?

संध्याकाळी सुनेने तुटलेला ठिपका पाहिला. तरी झाकण उघडायला तिचा हात धजावला नाही.

दुसऱ्या सकाळी तिने सपाटीवर जोर घेतला आणि त्याच वेगात चढाला भिडली. दुसरे वळण पार झाले. तिसऱ्यावर क्लचची पकड सुटली. गाडी मागे घसरू लागली, ब्रेक लागला तसा मागचा भाग फिरला आणि सून रस्त्यावर आदळली. कोपर सोलून निघाले, गुडघा तोच पुन्हा दुखावला. तिने गाडी तिथेच टाकली आणि लंगडत, कठड्याला धरत वर गेली. मी पडल्या जागेवरून पाहत होते. काही वेळाने रस्त्याच्या कडेच्या जाड पाइपातून घरघर ऐकू आली. पाणी सुटले होते, आणि वेळेवर सुटले होते.

ती गाडी ढकलत घरी आली तेव्हा नणंदही तिथे पोचली होती. सुनेने हातावरचे रक्तसुद्धा पुसले नाही. स्क्रू काढले, मला उपसले आणि सासऱ्यांसमोर नखाने एकेक दाता मोजला.

"दहा. अकरा. बारा." तिने मला मशीनवर आपटले. "बारा, बाबा! दहा ठरलं होतं."

"मी दहाच लावलं होतं," मिस्त्री म्हणाले. "तू बदललंस."

"मी? मी स्क्रूवर खूण केली होती. ती काल तुटली. घरात तुमच्याशिवाय कोण होतं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "हो. मी उघडलं होतं. बघायला."

"काय बघायला?"

तेवढ्यात नणंद म्हणाली, "बाबा, तिला जाऊ द्यायचं नव्हतं तर तसं सरळ सांगायचं होतं. केवढ्याला पडलं असतं हे!"

सून मात्र सासऱ्यांकडे टक लावून पाहत होती. तिने फळीवरचा डबा काढला, मला त्यात टाकले, डबा हलवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, मला दहाची द्या."

मिस्त्रींची बोटे आमच्यात फिरू लागली. त्यांनी एक चकती उचलली, सवयीने नाकाकडे नेली, आणि दोघी आपल्याकडे बघत आहेत हे लक्षात येताच हात वाटेतच थांबवला. त्या क्षणी मला सगळे समजले, मित्रांनो, आणि मला माझीच लाज वाटली. म्हाताऱ्याने दाराकडे पाहिले होते ते काही लबाडी लपवायला नव्हे. आपण किती जवळून बघतो, हे कोणाला दिसू नये म्हणून.

"कड दिसते," मिस्त्री हळूच म्हणाले. "दाते दिसत नाहीत, पोरी. एकमेकांत मिसळतात. बोटंही बधिर झालीत साखरेनं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर हे मशीन राहिलं असतं का या खोलीत?" एवढे बोलून ते मुलीकडे वळले. "मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलंयस ना तू? मला माहीत आहे."

नणंदेने पदराशी चाळा केला. "मी नुसतं विचारून ठेवलं होतं," ती म्हणाली.

सून खाली स्टुलावर बसली. तिला आता गुडघ्याची कळ जाणवू लागली असावी. "मला उघडून मोजता आलं असतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. त्याऐवजी मी नेलपॉलिश लावत बसले."

माझी धाकटी बहीण त्याच दुपारी गाडीवर चढली. बसवली सुनेने, चेनचा ताण तपासला मिस्त्रींनी, कारण तेवढे त्यांच्या हाताला अजून कळत होते. दुसऱ्या दिवशी गाडी रमतगमत, पण एकदाही न थांबता टाकीपर्यंत पोचली. साहेबांचा फोन पुन्हा आला नाही. मी हे डब्यात पडून ऐकले. असूया वाटली नाही असे म्हणणार नाही.

मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि तो पुष्कळ सुधारला. डाव्याचे मात्र काही होऊ शकले नाही. "वर्षभर आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर हे वाक्य सुनेने नणंदेला सांगितले. मशीन विकायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आमच्यावर आता ठळक आकडे ठोकले गेले. चिमट्यात धरायला सून, हातोडी मारायला मिस्त्री.

काही महिन्यांनी एक गवंडी आपल्या भाचीला घेऊन आला. तिच्यासाठी तो अशीच छोटी गाडी बांधत होता.

"चालवणार कुठे?" मिस्त्रींनी विचारले.

"मैदानावर. सगळं सपाट."

"मग बाराची घे." त्यांनी मला काढले, उजव्या डोळ्यासमोर धरले, आकडा वाचला आणि तरीही सुनेकडे दिले. "मोज गं."

गवंडी संशयाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागला. "मिस्त्री, तुम्हाला दिसत नाही की काय?"

सुनेचे मोजणे थांबले. मला वाटले, आता म्हातारा भडकणार.

"एका डोळ्यानं दिसतं, एकानं नाही," मिस्त्री म्हणाले. "म्हणून इथं दोघं मोजतात. तिसरा तू मोज. हे घे."

गवंडी ओशाळला. मग त्याने मला भाचीच्या हातात दिले, आणि तिने मोठ्याने बारा मोजले.

तेव्हापासून मी तिच्या गाडीवर आहे. सपाटीवर धावणे हेच माझे काम होते, हे मला इथे आल्यावर समजले. मित्रांनो, चेनला वेळच्या वेळी तेल द्या, माती साचू देऊ नका, आणि आम्हाला निवडण्याआधी आपला रस्ता चढाचा की सपाट ते नीट बघा. आणि घरातले कोणी दाराकडे चोरून बघत काही करताना दिसले, तर मनातल्या मनात माझ्यासारखा निकाल लावू नका. जवळ जा आणि विचारा. डावा डोळा वाचायलाही तेवढेच पुरले असते.