वाढलेली नजर

फाल्गुनाचं ऊन. केशरकोवळं, पळसपाकळी ऊन. कृष्णा-कोयनेच्या संगमावरून ते कराडच्या गल्लीत उतरायचं, पटवेकरांच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचं, आणि पितळी ताटातल्या काळ्या मण्यांवर असं सांडायचं, की वाटावं, एवढ्याशा काळोखालाही डोळे फुटलेत!

आता ताट रिकामं होतं. ऊन उगीचच येत होतं.

ताटामागची अनसूयाबाईंची जागाही रिकामी होती. सून होऊन आल्यापासून त्यांनी तिथे बसून गावातल्या बायकांची मंगळसूत्रं ओवली. त्या दुकानात तुटण्या-फुटण्याचे शब्द वर्ज्य. काळ्या मण्यांची पोत तिथे कधी तुटायची नाही, ती 'वाढायची'. बांगडी फुटायची नाही; तीही वाढायची. अमंगळ ते ओठांवर आणायचंच कशाला?

म्हणूनच माघात, उजव्या डोळ्याच्या कडेने एक सावळा पडदा सरकू लागला, तेव्हा त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "शर्वरी, उजवी नजर वाढली गं."

"अय्या, खरंच?" पुण्याची शर्वरी हरखली. तिनं चक्क शिरा केला. पोर आपलं दुःख गोड करतेय, असं समजून अनसूयाबाईंनी तो मुकाट खाल्ला.

शिरा गोड होता. पडदा काळा होता. तो उतरत राहिला, उतरत राहिला, आणि नजरेच्या मधोमध येऊन बसला.

मग शस्त्रक्रिया. डोळ्याच्या आतला सुटलेला पडदा जागेवर बसवला, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. डॉक्टर म्हणाले, "आता पालथं झोपायचं, आजी. बुडबुडा पडदा दाबून धरेल. उशीर झालाय, नजर किती येईल, ते डोळाच सांगेल."

पालथ्या दिवसांना रंग नसतो. उशीचा पांढरा, फरशीचा करडा, पुन्हा उशीचा पांढरा. भय नाही, आसू नाही. मन म्हणजे गाठ बसलेला रेशीमदोरा. ना सरकणारा, ना सुटणारा.

"आई, रागवा तरी माझ्यावर!" 'वाढली'चा अर्थ उशिरा कळलेली शर्वरी फरशीवर बसून, वर बघत म्हणायची.

अनसूयाबाईंनी राग शोधून पाहिला. सापडला नाही.

दवाखान्याच्या धावपळीत शर्वरीचीही पोत वाढली होती. मणी कुंकवाच्या डबीत पडून होते. "दुसरीकडून ओवून घे," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्याच आवाजात, पण कुठूनतरी लांबून.

"नाही. तुम्हीच ओवायची."

बुडबुडा आटत गेला. आधी अवघं तळं. मग अर्धं तळं. मग नजरेच्या तळाशी डुलणारा एकच मोती. आणि एका सकाळी मोतीही विरघळला.

जग परतलं, पण कसं! दाराची चौकट लाटेसारखी वाकलेली. तुळस पाण्याखालची. हळद फिकी, कुंकू फिकं. आणि सगळ्यावर तरंगणारे काळे ठिपके, काळे ठिपके. जणू डोळ्याच्या आतच कुणाची पोत वाढलेली.

"दिसतंय?"

"दिसतंय." आनंद मात्र कुठेच दिसेना.

चैत्र लागला. शर्वरीनं डबी ताटात ओतली. ऊन आलं. अनसूयाबाईंनी डावा डोळा तळव्यानं झाकला.

ताटात काळं, डोळ्यात काळं. मणी कुठला, ठिपका कुठला? बोट टेकवलं, काळं निसटलं. पुन्हा टेकवलं, नजरेसोबत तेही पळालं. खोटा मणी नजरेमागे धावतो. खोटा मणी हाताला लागत नाही.

पुन्हा बोट. या वेळी ते थांबलं. गार. गोल. इवलंसं. नजर हलली, तरी ते जागचं हललं नाही.

"आई?"

"वाढली," अनसूयाबाई म्हणाल्या.

"वाढली म्हणजे कुठली वाढली? नीट सांगा हं! मी आता शिरा करणार नाहीये!"

ओठांची एक कड, फक्त एक कड, हलली.

"कर."

आणि वाकड्या दिसणाऱ्या सरळ दोऱ्यावरून एक मणी घरंगळत उतरला, उन्हात लुकलुकला, गाठीशी जाऊन थांबला. मग, सावकाश, त्याला टेकून दुसरा.