बारापर्यंत मोज

"वा! काय शिस्त आहे!" मुख्याध्यापक दारातूनच खूश झाले.

संगणकांच्या खोलीत सातवीची तीस मुलं हातावर हात ठेवून बसली होती. पडद्यावर तुटलेला पूल, खाली चार फळ्या. एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज करून वीस सेकंदांत तेवढी फळी बसवायची, मग गाडी पलीकडे जाते. बत्तीस वर्षं गणित शिकवूनही बाईंच्या वाट्याला एवढी शांतता कधी आली नव्हती. मुलं त्यांना पाठीमागे 'लसावि बाई' म्हणत. कुठलंही उदाहरण आलं की बाईंचं पालुपद ठरलेलं, "आधी लसावि काढा."

पण आज त्यांच्या लक्षात आलं. बारा सेकंद गप्प बसलं की बरोबर फळी आपोआप थरथरायची. एकोणतीस मुलं तेवढ्याचीच वाट बघत होती. एकच मुलगी वहीत मान घालून गणित मांडत होती. विसाव्या सेकंदाला तिचा पूल कोसळला.

"ही एकटीच लाल, म्हणजे नापास," मुख्याध्यापक भिंतीवरच्या निकालाच्या पडद्याकडे बघत म्हणाले. "या तासात हिरवी झाली नाही, तर सोमवारपासून सहावीत बसेल."

सहावीत तिची धाकटी बहीण होती.

"सर, गणित हिलाच येतंय. बाकीचे नुसते फळी हलायची वाट बघतात."

"बाई, अहवाल मशीन काढतं. एकोणतीस मुलं हिरवी झाली, ते तुमच्या डोळ्यांत का खुपतंय?" ते निघून गेले.

मुलीने वही पुढे केली. "बाई, पाच छेद सहा. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग पूल का पडला?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं उरली होती. त्या तिच्याशेजारी बसल्या.

"वही मिट."

"लसावि नको काढू?"

"नको. काही करू नकोस. बारापर्यंत मोज. हलेल ती फळी धर." हे आपणच बोलतोय याची बाईंना भयंकर लाज वाटली.

मुलीने वही मिटली. मग पेन्सिल ठेवून पुटपुटू लागली, "एक, दोन, तीन..."

तास संपला तेव्हा ती हिरवी झाली होती. सगळ्यांबरोबर तीही गेली. वही टेबलावरच राहिली. बाईंनी ती उघडली. पाच छेद सहाच्या खाली, बाईंनी शिकवल्या होत्या तशा, पट्टीने मारलेल्या दोन रेघा होत्या.

बाईंनी तिला मागे बोलावलं नाही.