सावली पडली की वाजणारे यंत्र

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वृद्ध दादांच्या कानांनी एकेक बारीक आवाज टाकून दिला होता. दारावरची थाप तर केव्हाच गेली. गेल्या वर्षी धाकटा भाऊ जुना अबोला गिळून आला, दार ठोठावून थकला आणि 'दादाने मुद्दाम उघडले नाही' असा ग्रह करून परतला. आता त्याने कुणाकरवी निरोप धाडला होता, "पुन्हा एकदा येतो. हे शेवटचे."

त्या निरोपाने दादांची झोप उडाली. कुणीतरी टाकून दिलेल्या सिंथेसायझरमधून त्यांनी स्वर उत्पन्न करणारा भाग, म्हणजे ऑसिलेटर, काढून घेतला आणि त्याचा स्वर इतका खर्जात उतरवला की तो कानांपेक्षा छातीलाच अधिक कळावा. स्वर आतल्या आत अखंड चालूच होता. परंतु स्पीकरकडे जाणारी त्याची वाट एका ट्रान्झिस्टरने फाटकासारखी अडवून धरली होती. उंबऱ्यापाशी उजेड ओळखणारा एक चिमुकला घटक बसवला. सावली पडली की वाट मोकळी होई आणि सारे घर घुमू लागे.

तथापि आभाळ भरून आले की यंत्र थांबेचना. शेजारची शिंपीण आत आली आणि कानाशी येऊन ओरडली, "भाऊजी, ढगांनाही चहाला बोलावलंय का?"

"तेवढेच येतात बिचारे, वहिनी."

"येईल हो तुमचा भाऊ! तोवर या घुमण्याचं काहीतरी बघा, माझी शिवण वाकडी जातेय."

दादांनी मध्ये एक कपॅसिटर घातला. आता सावकाश बदलणाऱ्या उजेडाला यंत्र दाद देईना. उजेड एकाएकी बदलला तरच वाजे. भाऊ तर लहानपणापासून वाऱ्यासारखा येणारा. त्याची सावली चुकणे शक्यच नव्हते.

मग वाट पाहणे सुरू झाले. दादा रोज दोन कप मांडीत आणि न वापरलेलाही विसळून ठेवीत.

एका दुपारी यंत्र अकस्मात घुमले. दादांनी धावत जाऊन दार उघडले, तो उंबरा रिकामा. शिंपीण धापा टाकीत आली.

"अहो, आत्ता गेला! काठी टेकत, गोगलगायीसारखा आला. केवढा वेळ ठोठावत होता! मी हाका मारल्या तर बघितलंसुद्धा नाही. मग फणकाऱ्यानं वळला नि निघाला!"

भाऊही म्हातारा होईल, हे दादांनी यंत्र जोडताना धरलेच नव्हते. येताना पायांत नसलेला वेग जाताना रागाने दिला होता, आणि यंत्राने त्याचे जाणे तेवढे कळवले होते.

रागाचा वेग चार पावलांतच सरला असावा. रस्त्याच्या वळणापाशी ती वाकलेली पाठ अजून दिसत होती.

"बंड्या! अरे बंड्या, थांब!"

पाठ वळली नाही. शिंपिणीच्या हाकाही त्याने ऐकल्या नव्हत्या, हे दादांच्या ध्यानात आले. वडिलांचेही कान याच वयात गेले होते.

हाका मारणे त्यांनी सोडून दिले. खांद्यावर हात ठेवल्यावाचून आता काही व्हायचे नव्हते. ते अनवाणीच निघाले. त्यांच्याच सावलीने यंत्र मागे एकदा घुमले आणि रिकाम्या घरात गप्प झाले.