लंबकावरचा शिक्का

मी एक जुना लंबक आहे, पितळेचा, बशीएवढा. एका कारागिराने मला घासूनपुसून भिंतीवरच्या घड्याळात टांगले आणि माझे नशीब एका कचेरीत फुटले. चाळीस वर्षे मी तिथे डावीउजवीकडे हललो. मित्रांनो, त्या कचेरीत काम करणारा मी एकटाच होतो.

माझ्या डावीकडे हेडक्लार्क बसत, उजवीकडे भांडारपाल. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. एकाने खिडकी उघडली की दुसरा ती लावणारच. कागदांवर मारायचा ‘तपासले’ हा शिक्का हेडक्लार्कच्या ताब्यात असे आणि माझ्या पेटीची किल्ली भांडारपालाच्या. दर सोमवारी घड्याळाला किल्ली देताना हे गृहस्थ असा चेहरा करत, जणू सूर्यही त्यांच्याच परवानगीने उगवतो.

एका शनिवारी कचेरी सुटल्यावर करमणूक म्हणून एका संमोहनवाल्याला बोलावले होते. त्याने टायपिस्ट बाईंना गुंगी आणून कांदा सफरचंद म्हणून खायला लावला. सगळे पोट धरून हसले. सोमवारी शिक्का गायब! आपली मान सोडवायला हेडक्लार्कने ठोकून दिले, की बाईंनीच तो गुंगीत कुठेतरी ठेवला. साहेबांनी फर्मावले, येत्या शनिवारपर्यंत शिक्का आणा, नाहीतर राजीनामा द्या. बाईंच्या पगारावर आई आणि दोन धाकटे भाऊ जगत होते. त्याहून वाईट म्हणजे त्या स्वतःवरच संशय घेऊ लागल्या. रोज आपलेच खण उपसत बसायच्या.

शिक्का माझ्याजवळ होता. हेडक्लार्कला गोत्यात आणायला भांडारपालाने तो त्या हशातच पेटीत कोंबला, थेट माझ्या पोटाशी. मी पाच वाजून दहा मिनिटांनी थांबलो. कचेरी पाचला सुटते, म्हणून आठवडाभर जो तो माझ्याकडे बोट दाखवून हवे तेव्हा घरी पळत होता. घड्याळ बंद आहे, हे बोलायला एकाचीही जीभ रेटली नाही.

शनिवारी बाईंची आठवण जागी करायला संमोहनवाला पुन्हा आला. लंबकाकडे एकटक बघा, असे त्याने सांगितले. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

“हा हलतच नाहीये,” त्या म्हणाल्या. “सोमवारी किल्ली दिली नाहीत का तुम्ही?”

भांडारपालाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी किल्ली मागून घेतली, पेटी उघडली. शिक्का खाली पडला. माझ्या पितळेवर जांभळ्या शाईत शब्द उमटला होता : तपासले.

“मीपण त्या दिवशी गुंगीतच होतो, साहेब,” भांडारपाल म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि प्रकरण मिटवले. हेडक्लार्कने बाईंची साधी माफीही मागितली नाही. मला मात्र अपशकुनी ठरवून घड्याळासकट अडगळीत फेकले. बाईंनी दुसरी नोकरी धरली, तेव्हा जाताना त्या मला मागून घेऊन गेल्या. आता दर सोमवारी त्याच मला किल्ली देतात.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वेळेवर किल्ली द्या, फडक्याने पुसा, आणि आम्ही थांबलो तर थांबलो म्हणा. एवढेच मागणे. मी चाळीस वर्षे हललो, पण कचेरीतल्या कोणालाही झोपवले नाही. ते खरेच झोपले असते, तर घड्याळाच्या टोल्यांनी जागे झाले असते.