कडीवरच्या गाठी

रक्षाच्या हातांना थारा नव्हता. जेवताना बोटं ओढणीच्या टोकाशी, फोनवर बोलताना चार्जरच्या वायरीशी, आणि प्रसूतीच्या खोलीत बसली की टेबलाच्या ड्रॉवरच्या कडीशी. ऑपरेशनमध्ये उरलेले काळ्या रेशमाचे तुकडे ती ॲप्रनच्या खिशात जपून ठेवायची आणि त्या कडीला बांधून गाठीवर गाठ मारत बसायची. डॉक्टर होणारी पोरं अशीच शिकतात, कुणी खुर्चीच्या हाताला, कुणी पलंगाच्या दांडीला. पण रक्षाचं शिकणं कधीच झालं होतं. ती स्त्रीरोग शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती, तीन महिन्यांच्या जिल्ह्यातल्या पोस्टिंगवर भंडाऱ्याला आली होती, आणि त्यातले पंधराच दिवस उरले होते. एवढ्या दिवसांत कडीवर गाठींच्या बारीक बारीक वेण्या लोंबू लागल्या होत्या. झाडू मारणारी बाई त्यांना हात लावायला भ्यायची.

कारण एकच. कॉलेजात, मागच्या फाल्गुनात, एका सिझेरियनमध्ये तिनं बांधलेली गाठ सुटली होती. बाईचं पोट पुन्हा उघडावं लागलं, रक्ताच्या चार पिशव्या चढल्या. बाई वाचली, आठव्या दिवशी लेकराला घेऊन हसत घरी गेली. कुणी रक्षाला बोललं नाही, कारण गाठ कुणाची होती हे कुणालाच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तेव्हापासून टाका घ्यायची वेळ आली की ती बाजूला व्हायची. "सर, तुम्हीच घ्या ना."

इथले कुलदीप सर शांत माणूस. परवा तेही म्हणाले, "रक्षा, पोस्टिंग संपत आली. एकटीनं टाका घेताना मी तुला पाहिलं नाही. शेवटच्या कागदावर मी काय लिहू?"

त्या दिवशी सकाळी नऊला मोनिका आली. पहिलटकरीण, पवनीकडल्या कोंढ्याची, घरात कोशाच्या रेशमाचा हातमाग. सोबत सासू राधाबाई. तिनं आल्या आल्या सुनेचा अंबाडा सोडला, हातातला काळा दोरा सोडला, पिशवीचं तोंडसुद्धा मोकळं केलं.

"घरची सारी कुलपं उघडून आली मी," ती सत्यवती सिस्टरला सांगत होती. "मागाचा ताना बी सैल केला. बाई अडली असते तवा घरात गाठ राहू नाई."

"आजी, इथं कुलूप फक्त औषधाच्या कपाटाले हाय," सिस्टर हसल्या. "ते सोडलं तं माई नोकरी जाईन."

दुपारचा एक वाजला. कळा येत होत्या, जात होत्या. प्रसूतीच्या तक्त्यावरची रेघ हळू चढत होती, पण चढत होती. बाळाचे ठोके चांगले होते. थांबायचं, एवढंच काम होतं, आणि रक्षाला तेच जमत नव्हतं. ती उठायची, ठोके ऐकायची, खिडकीशी जायची. बाहेर एसटीचा हॉर्न, फाटकाशी ऑटोवाल्यांची भांडणं. पुन्हा टेबलाशी. पुन्हा खिशातून धागा.

"अवं बाप्पा!"

राधाबाई तिच्या मागं उभी होती. तिची नजर कडीवर खिळली होती.

"हे काय लटकवून ठेवलं, डाक्टरीनबाई?"

"सराव आहे, आई. हात बसावा म्हणून."

"माया सुनेच्या उशापाशी शेकड्यानं गाठी बांधून ठेवल्या अन् वरतून अजून बांधून राहिली? मंग लेकरू येईन कसं? सकाळपासून मी म्हणून राहिली, अडलं कुठं, अडलं कुठं!" ती दाराकडं वळून बाहेरच्या लेकाला हाका मारू लागली. "नीलेश! अरे नीलेश, गाडी बोलाव. प्रायव्हेटमधी नेऊ."

"आत्ता हलवू नका," रक्षा म्हणाली. घाबरली की तिची गावाकडची, लाखनीची बोली आपोआप बाहेर पडायची. "रस्त्यातच बाळंत होईन ते. मी काढतो न गाठी. आत्ताच्या आत्ता काढतो." तिनं ट्रेमधली कात्री उचलली.

राधाबाईनं मनगट धरलं. पकड माग चालवणाऱ्या हाताची होती.

"कापू नाई बाई. गाठ कापली तं तुटते, सुटत नाई. सोडा लागते."

"एवढ्या?"

"बांधताना मोजल्या काय?"

पलंगावरून मोनिका कण्हत म्हणाली, "करा न मॅडम, काय म्हणते ते. त्याच्याशिवाय चूप नाई बसणार बुढी."

मग सिस्टरनं स्टूल दिलं, एक बिनकामाची सुई दिली. राधाबाई कडीपाशी बसली आणि रक्षा तिच्या शेजारी. राधाबाईनं धाग्याचं टोक दोन बोटांत चोळलं.

"रेशीम हाय हे."

"हो."

"पॉलिश जास्त हाय. आमच्या कोशावानी नाई, घसरते." आणि ती सोडू लागली, तोंडातल्या तोंडात गुणगुणत,

सोड वं गाठ बाई, सैल कर ताना
वाटेत अडला माया सोनियाचा दाणा

कळ आली की ती थांबायची, सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची, कळ ओसरली की पुन्हा स्टुलावर. रक्षा मधेमधे उठून ठोके ऐकून यायची. गर्भाशयाचं तोंड सात सेंटीमीटर उघडलं होतं. सव्वा तासानं आठ. धागे एकेक मोकळे होऊन टेबलावर पडत होते, कुरळे, वेणी सोडलेल्या केसांसारखे.

"एक सांगू काय, पोरी?" डाक्टरीनबाईची पोरी कधी झाली, ते राधाबाईलाही कळलं नव्हतं. "तुया अर्ध्या गाठी फुकटच्या हाय."

रक्षाचं बोट सुईच्या टोकावर थांबलं.

"हे पाय. ह्या गाठीले सुई लावा लागली, नख गेलं माया. अन् हे?" तिनं दुसऱ्या धाग्याचं एक टोक नुसतं ओढलं. एकापाठोपाठ चार गाठी घसरत आल्या आणि विरून गेल्या. "दोन्ही फेरे एकाच अंगानं घातले. पयला फेरा जिकडून गेला, दुसरा त्याच्या उलट पायजे. नाई तं मागाच्या फणीतून जाताना सुटते. माया सासूनं यासाठी माया बोटावर धोटा मारला व्हता."

हे रक्षाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृती काढून दाखवली असती. पण तिनं टेबलावरचे धागे पाहिले. कुठला कधीचा, ते तिला आठवत होतं. दुपारी निवांत बसून मारलेल्या गाठी सुईनं सुटत होत्या. फोन वाजत असताना, कुणी हाक मारत असताना, डोक्यात ती फाल्गुनातली बाई असताना मारलेल्या साऱ्या घसरत होत्या. डोक्याला ठाऊक होतं. घाई झाली की हात मात्र त्याच वाटेनं दुसऱ्यांदा जात होता.

"मॅडम!" सिस्टरची हाक आली.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. मोनिकानं दात आवळले, राधाबाई "दे जोर, माय, दे" म्हणत राहिली, आणि पावणेचारला पोरगी झाली. लगेच रडली. राधाबाईनं तिला गरम दुपट्यात घेतलं, बोटं उलगडून पाहिली. "लांब हाय वं बोटं. फणीत धागे भरीन हे."

वार पडली. इंजेक्शन दिलेलं होतं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय चेंडूसारखं घट्ट. तरी रक्त थांबेना. गोठत नव्हतं, लाल, सारखं वाहत होतं.

"फाटलंय आत," रक्षा म्हणाली. "सरांना बोलवा."

सिस्टर फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. "सर ओटीमधी हाय. एका बाईचं पोट उघडलेलं हाय. वीस मिनिटं म्हणतेत."

वीस मिनिटांत चार पिशव्या वाहून जातात. रक्षाला तो हिशेब पाठ होता. तिनं दिवा वळवायला सांगितला, हातमोजे बदलले, दोन चिमट्यांनी गर्भाशयाचं तोंड धरून हळूहळू फिरवत गेली. डावीकडं फाट दिसली. फाटीच्या टोकाच्याही वरून पहिला टाका घ्यायचा असतो, कारण तुटलेली शीर वर सरकून लपते. तिनं घेतला. सुई बाहेर आली. धाग्याची दोन टोकं तिच्या दोन हातांत उरली, आणि हात थांबले.

"सर येईस्तोवर दाबून धरू काय?" सिस्टरनं हळूच विचारलं.

कोपऱ्यात लेकरू घेऊन बसलेली राधाबाई मान वर न करता म्हणाली, "लेकरू आलं. आता बांध."

रक्षानं पहिला फेरा घातला आणि बसवला. हात लगेच दुसऱ्या फेऱ्याला निघाला, त्याच अंगानं. ती थांबली. थांबायला एक श्वास लागला, पण त्या श्वासाएवढा लांब वेळ तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. मग तिनं टोकं अदलून उलट्या अंगानं फेरा घातला. ओढला. बसला. वर तिसरा, पुन्हा उलटा. मग खाली दुसरा टाका, तिसरा, चौथा.

बोळा ठेवला. काढला. बोळ्यावर नुसती गुलाबी झाक होती.

कुलदीप सर आले तेव्हा ती मोनिकाची नाडी मोजत होती. त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा दिवा घेऊन पाहिलं. "कोणी घेतले?"

"मी."

"हं." त्यांनी मोजे काढून बादलीत टाकले. "नोट लिही. खाली नाव तुझंच टाक."

रक्षानं लिहिलं. पाच मिनिटांनी उठून रक्तस्राव पाहिला. दहा मिनिटांनी पुन्हा. मोनिका डोळे मिटून पडली होती, पोरगी छातीशी चुटुचुटु करत होती. चौथ्या खेपेला राधाबाई वैतागली.

"किती डाव उघडून पायशीन वं? झोपू दे न तिले."

"एकदाच. शेवटचं."

"मघाशी बी शेवटचंच व्हतं."

टेबलाशी येऊन बसताच बोटं सवयीनं कडीकडं गेली. कडी जवळजवळ उघडी होती. एकच वेणी लटकत होती, बोटभर.

"हे राहिलं काय?" रक्षानं विचारलं.

"लय घट्ट हाय. नाई सुटली." राधाबाई पदरानं नखं पुसत म्हणाली. "तरी आलं लेकरू, का करतं!"

रक्षानं ती वेणी दोन्ही टोकं धरून ओढली. पुन्हा ओढली, जोर लावून; एकही गाठ हलली नाही. मग हात सोडला, घड्याळ पाहिलं, आणि पाचव्यांदा मोनिकाकडं गेली.

कोरडं होतं.