माझ्या फळ्यांचे दार

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. पण मित्रांनो, 'जुना' हा शब्द माझ्या मालकासमोर काढू नका. त्याच्या कपाळाला आठी पडते. 'व्हिंटेज' म्हणायचे. भंगारवाल्याच्या दारात उभा असतो तर खटारा ठरलो असतो. इथे दिव्यांच्या झोतात, दोरीच्या आत उभा आहे, म्हणून व्हिंटेज. दोरीला पाटी लावली आहे, 'कृपया हात लावू नये'. तुम्ही लांबून बघता, वा वा म्हणता, फोटो काढता आणि पुढच्या गाडीकडे जाता. आज गर्दी कमी आहे, तर जरा थांबा. माझ्या रंगाचे कौतुक पुष्कळ झाले, आता माझे म्हणणेही ऐका.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला एका तरुण सुताराने घेतले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोला शेजारी बसवून त्याने मला घरी आणले आणि शेजाऱ्यांना सांगितले, "हा आमचा गडी." तेव्हापासून ते माझे नाव पडले. सुताराने मला गड्यासारखेच राबवले. दारे, खिडक्या, कपाटे, पाळणे, शाळेची बाके, सारे माझ्या हौद्यातून गेले. हौद्याचा मागचा फाळका धाडकन पडायचा, माणसे चढायची, दोर आवळले जायचे. अंगावर ओरखडे उठायचे, पण त्यांचे कोणाला काही वाटत नसे, मलाही नाही. नवीन घरात दार बसले की घरमालक सुताराचा हात हातात घ्यायचा आणि जाता जाता माझ्या बोनेटवर थाप मारायचा. ती थाप हीच माझी मजुरी.

कारखान्याने दिलेल्या हौद्याच्या फळ्या ओझ्याने आणि पाण्याने लवकरच कुजल्या. सुताराने त्या काढल्या आणि कामातून उरलेल्या फळ्या बसवल्या. एक काळसर, एक तांबूस, एक गाठीगाठींची. कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती. बायको हसून म्हणाली, की गड्याला ठिगळांची विजार शिवली. पण त्या फळ्या अशा पक्क्या बसल्या की पुढे माझा पत्रा गंजला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

सुताराला दोन मुले झाली, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगी दोर धरून हौद्यात उभी राहायची आणि खड्डा आला की आनंदाने ओरडायची. मुलाचे तसे नव्हते. शाळेच्या कोपऱ्यावर आलो की तो बापाला म्हणायचा, "इथेच उतरतो." मित्रांनी मला पाहू नये म्हणून तो उरलेला रस्ता चालत जायचा. सुताराला ते कळत होते. तो तिथूनच गाडी वळवायचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आज हाच मुलगा माझ्यापुढे उभा राहून माझ्यावर भाषण देतो.

मग वर्षे गेली. सुताराची बायको गेली, त्याची नजर अधू झाली. मुलीने बापाचा सुतारकामाचा कारखाना हातात घेतला आणि आपल्या कामासाठी नवा टेम्पो आणला. मुलगा विम्याच्या कचेरीत मोठा साहेब झाला. मी घरामागच्या शेडमध्ये पडून राहिलो. माझ्या सीटवर मांजर व्यायली, पिल्ले मोठी होऊन निघूनही गेली. तुम्हाला वाटेल ते माझे वाईट दिवस होते. तसे नव्हते, मित्रांनो. सुतार रोज सकाळी चहाचा पेला घेऊन यायचा, माझ्या फाळक्यावर टेकून चहा प्यायचा आणि पेला हौद्यातच ठेवायचा. त्या फळ्यांवर पेल्याच्या तळाची कितीतरी वर्तुळे उमटली होती.

एके दिवशी मुलगा शेडमध्ये आला आणि माझ्याभोवती फिरू लागला. कचेरीतल्या कुणा मित्राने त्याला जुन्या गाड्यांच्या क्लबात नेले होते. सगळ्यांकडे काही ना काही होते, याच्याकडेच नव्हते. आणि मग आठवले, की आहे की! लहानपणी ज्याची लाज वाटत होती तोच आता दागिना ठरला. त्याने माझा बोल्ट न् बोल्ट सुटा केला. गंज खरवडला, पोचे काढले, इंजिन उघडून नवे केले. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने माझ्यावर घालवला. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटत होते. सुतार स्टूल टाकून शेजारी बसायचा. बाप-लेक इतका वेळ एकत्र मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पण क्लबात एक शब्द होता, 'मूळ'. जे कारखान्यातून आले ते मूळ, बाकी सारी मोडतोड. ही मंडळी आरसा घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरायची आणि एक स्क्रू चुकीचा दिसला तरी नाक मुरडायची. त्यांनी हौद्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, या फळ्या काही मूळ नाहीत. झाले. सुताराच्या डोळ्यांदेखत त्या फळ्या उपटल्या गेल्या. त्यांच्या जागी एकसारख्या, आरशासारख्या पॉलिशच्या पट्ट्या आल्या. गंमत पाहा, त्याच मुलाने माझे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे काढून मला बुटका केला, डॅशबोर्डखाली गाणी वाजवणारी पेटी बसवली, चाके रुंद लावली. ते सर्व क्लबात चालत होते, त्याला शौक म्हणत. बापाने गरजेपोटी बदल केला ती मोडतोड, लेकाने मिरवायला केला ती कला.

सुतार वाद घालणाऱ्यांतला नव्हता. उपटलेल्या फळ्या त्याने एकेक करून भिंतीशी नीट रचल्या. मग रंधा काढला. मुलीने नवे घर बांधले होते आणि समोरच्या दाराच्या जागी अजून पत्रा लावलेला होता. सुताराने ठरवले, की या फळ्यांचे दार करायचे. नजर साथ देत नव्हती. बोटांनी चाचपून तो सांधे जुळवायचा. बोल्टांची भोके त्याने लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. पेल्याच्या वर्तुळांवरून मात्र रंधा फिरवला नाही. दार तयार झाले आणि माझ्या शेजारीच भिंतीला टेकून उभे राहिले. मुलगी म्हणाली, टेम्पो आणते. सुताराने मान हलवली. "दार गड्यातूनच जाईल," तो मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि मी चालवीन. एकदाच. मग किल्ली याच्याकडे."

त्याचे मागणे एवढेच होते, मित्रांनो. आणि मी तेव्हा धावू शकत होतो, हे लक्षात ठेवा. दुरुस्तीनंतर इंजिन पहिल्यांदा सुरू झाले त्या दिवशी सुताराने हसून विचारले, अजून खोकतोय का? मी खोकलो नाही. तो घरात गेला, धुतलेला शर्ट घालून आला, कानावर पेन्सिल होतीच, आणि स्टिअरिंगमागे बसला. माझ्या नव्या सीटला तेव्हाच त्याची ओळख झाली.

"दार ठेवू का हौद्यात?" त्याने मुलाला विचारले.

"नको बाबा, पॉलिश उठेल."

"खाली पोती अंथरतो."

"पोत्याचेही चरे पडतात. प्रदर्शन होऊ दे, मग नेऊ. आणि ती पेन्सिल काढा ना, सीटवर रेघ उमटेल."

सुताराने पेन्सिल खिशात ठेवली. "बरं," म्हणाला. तो सावकाश उतरला आणि माझे दार लोटताना त्याने बाही तळहातावर ओढून घेतली, काचेवर ठसा नको म्हणून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण मला हॉर्न असला तरी तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

प्रदर्शन झाले, मला चषक मिळाला. मग त्याहून मोठे प्रदर्शन आले. मग दरवाज्याची एक मूळ मूठ परगावाहून यायची होती, तिच्यासाठी थांबणे आले. मुलगी एकदा शेडमध्ये येऊन भावाशी बोलली. बाबा आता जिना चढताना थांबतात, त्यांना एकदा नेऊन आण, एवढेच तिचे म्हणणे होते. भावाने ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला रागावणे सोपे गेले असते. "पुढच्या महिन्यात परीक्षक येताहेत गं," तो म्हणाला. "त्यानंतर नक्की. दार कुठे पळून चाललंय?"

दार पळून जाणार नव्हते, हे त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

थंडीत सुताराने अंथरूण धरले. मुलगा रोज कचेरीतून आला की आधी बापाजवळ बसायचा. गाडी झाली का, असे म्हातारा विचारायचा. झालीच आता, असे मुलगा सांगायचा आणि मग माझ्याकडे यायचा. एका सकाळी तो माझ्या पोटाखाली पडून ती मूठ आल्यावरही राहिलेले काहीबाही आवळत होता. मुलगी शेडच्या दाराशी आली. "दादा," ती म्हणाली, "हात धू आणि आत ये." तो पाना हातात धरून तसाच पडून राहिला. मग उठला, आणि हात न धुताच गेला.

सांत्वनाला क्लबातली मंडळीही आली. हळू आवाजात बोलली, मान खाली घालून बसली. परत जाताना शेडवरून गेली आणि त्यातला एक थांबून म्हणाला, रंग मात्र फर्स्टक्लास उतरलाय. मुलगा तिथेच उभा होता. 

काही दिवसांनी मुलगी टेम्पो घेऊन दार न्यायला आली. मुलगा धावत बाहेर आला, त्याच्या हातात माझी किल्ली होती. यातून नेऊ, मी आत्ता काढतो, पडू देत काय चरे पडायचे ते, असे तो भडाभडा बोलत राहिला. मुलीने त्याला बोलू दिले.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "नेणारा गेला."

दोघांनी दोन बाजूंनी दार उचलले आणि टेम्पोत ठेवले. टेम्पो गेल्यावर मुलगा माझ्यात येऊन बसला, स्टिअरिंगवर डोके टेकले आणि खूप रडला. मलाही त्याच्यासाठी वाईट वाटले. मग त्याने खिशातून मऊ फडके काढले. आधी स्टिअरिंग पुसले, मग डोळे.

यानंतर एकदाच तो मला बहिणीच्या घराकडे घेऊन गेला. तिची गल्ली खड्ड्यांची. माझे पाटे काढलेले, पोट जमिनीला लागलेले. गल्लीच्या तोंडाशीच मी घासलो. मला तिथे सोडून तो उरलेला रस्ता चालत गेला, शाळेत असताना जायचा तसाच. मी लांबून पाहिले. दार दिसत होते. काळसर फळी, तांबूस फळी, गाठीगाठींची फळी. कडीजवळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांचा मळकट डाग पडला होता. बहिणीने दार उघडले, भावाला आत घेतले, आणि ते पुन्हा लोटले गेले. मित्रांनो, मला माझ्याच फळ्यांचा हेवा वाटला. माझ्यावर तुम्हाला असा एकही डाग सापडणार नाही.

आता परीक्षक येतील, तुम्हाला पुढे सरकवतील. माझ्यासारखे अशा ठिकाणी शेवटी म्हणतात, की जुन्या वस्तू जपा. मी तसे म्हणणार नाही. मला तळहातावरच्या फोडासारखे जपले, त्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे काही असेल तर त्याला कामाला लावा. आणि कधी कुणी म्हातारा धुतलेला शर्ट घालून आला, आणि त्याने विचारले की दार ठेवू का हौद्यात, तर आधी फाळका उघडा.