टाकीवरचा हिरवा दिवा

पोर्टफोलिओ प्लॅनिंगच्या दिवसाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पुढच्या तिमाहीत कुठली कामं आधी घ्यायची हे ठरवायला गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात सगळे एका खोलीत जमतो. आमची कंपनी वायनरींना सॉफ्टवेअर पुरवते. प्रत्येक कामाला फायदा, घाई आणि धोका यांचे गुण द्यायचे, त्यांच्या बेरजेला मेहनतीच्या गुणांनी भागायचं, मोठा आकडा येईल ते काम वर. एक ते तेरा गुणांपैकी आपलं कार्ड पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं, म्हणजे कुणी कुणाचं बघून ठरवत नाही. पद्धतीत खोट काहीच नाही.

खोट आमच्यात आहे. आमचे बॉस प्रफुल्ल सर आपलं कार्ड उताणंच टाकतात. मग साहेबांच्या वर कसं जायचं म्हणून टेबलाखाली सगळ्यांची कार्डं बदलतात. पंगतीत थोरल्यांनी सुरुवात केल्याशिवाय घास न उचलणारी माणसं ही, पण इथे जेवण नसतं हो.

पहिलं काम होतं वायनरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बुकिंगचं ॲप. सरांच्या मेव्हण्याचं वायनरींच्या शेजारीच रिसॉर्ट आहे. सरांनी फायद्याला तेरा टाकले. खोलीभर तेरा.

दुसरं काम माझं. द्राक्षाचा रस आंबताना टाकीत गॅस साठतो. धुवायला उतरलेला माणूस त्यात कोसळला की बहुधा उठत नाही. म्हणून आम्ही टाकीबाहेर दिवा बसवलाय. हिरवा असला तर उतरा, लाल असला तर नाही. पण नेट गेलं की दिवा आधीच्याच रंगावर अडकून राहतो, आत काहीही असो. नेट जाताच तो लाल व्हावा, एवढंच मी मागत होते. माझा धाकटा भाऊ रवी विंचूरच्या एका वायनरीत टाक्या धुतो.

सरांनी धोक्याला एक टाकला. "आजवर एकाही क्लायंटची तक्रार नाही."

"तक्रार करायला माणूस टाकीतून वर यावा लागतो, सर."

मग मेहनतीच्या गुणांची वेळ आली. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे असं आमच्या प्रोग्रामर ज्ञानेशनं कालच चहा पिताना मला सांगितलं होतं. सरांनी मेहनतीला तेरा टाकताच त्यानंही निमूट तेरा टाकले. मग सरांनी धोक्याचं माझं तेराचं कार्ड बोटानं बाजूला सारलं.

"पल्लवी, तुझा भाऊ तिथे आहे. तुझं मत धरता येणार नाही. हितसंबंध येतात."

मी शेजारी बसलेल्या हर्षालीकडे पाहिलं. ती नखं बघत होती. मेव्हण्याचं रिसॉर्ट कुणालाच आठवलं नाही. मला त्या सगळ्यांची अशी शिसारी आली की तिथे श्वास घेणंसुद्धा नको वाटलं.

बाहेर येऊन रवीला फोन लावला.

"बोल ताई, पटकन. महेश टाकीत उतरतोय, मला शिडी धरायचीय."

"दिवा बघून उतरता ना?"

"मग! हिरवा हाय की."

"नेट आहे का तिथे?"

"सकाळपासून नाय. का गं?"

"रवी, त्याला थांबव! दिवा खोटा आहे!"

फोन बहुतेक खाली पडला. रवीचा आवाज आला, "महेश, वर ये! वर ये म्हणतो ना!" मग शिडीचा खडखडाट आणि महेशच्या शिव्या. एरवी मी कान झाकले असते. त्या दिवशी त्या शिव्या ऐकून मी भिंतीला टेकून रडले.

"आला वर," रवी धापा टाकत म्हणाला. "चक्कर येती म्हणतोय, पण शुद्धीत हाय."

"त्याला मोकळ्या हवेत बसव, डॉक्टरला बोलाव. आणि हातातल्या गॅस मीटरनं तपासल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नको."

"मीटर कुठाय? एकच पिवळा होता, तो तुमच्या सरांनी नेला ना. म्हणले, आता दिवा हाय, ह्याचं काय काम?"

मी आत गेले. टेबलावर कामांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि तो पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर एक पिवळा डबा ठेवला होता. प्रत्येक प्लॅनिंगला तो तिथेच असायचा. मी तो उचलला. चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या, बुकिंगची सगळ्यात आधी.

"अगं, अगं! कुठे निघालीस?" सर ओरडले. "अजून मीटिंग संपली नाही."

"विंचूरला," मी म्हणाले. "हा तिथल्यांचा आहे."

सर चिठ्ठ्या वेचायला वाकले. मग त्यांच्यामागोमाग सगळेच वाकले.